सोवळे आणि सूक्ष्मजीव

सोवळे म्हणजे काय हे मला आजीने शिकविले आणि सूक्ष्मजीव म्हणजे काय हे पुतणीने. या दोन शिकवण्यांत साठ-पासष्ट वर्षांचे अंतर पडले. पण शिकविणारीचा आवेश दोन्ही वेळी एकच होता. "हात धुतलेस का?" हा प्रश्न आजीने ज्या दरडावणीच्या सुरात विचारला, त्याच सुरात पुतणीही विचारते, फरक एवढाच की ती "धुतले का, काका?" असे म्हणते. आजीला मी उत्तर देत नसे, कारण तेव्हा मी लहान होतो. पुतणीला देत नाही, कारण आता मी म्हातारा झालो आहे.

अर्धापूरच्या आमच्या वाड्यात आजीचे सोवळे हा एक संपूर्ण शास्त्रव्यवहार होता. स्वतः धुतलेले लुगडे ती काठीने उंच दांडीवर वाळत घाली आणि काठीनेच उतरवी. पिण्याचे पाणी स्वतः आडातून शेंदून आणी. वाटेत कोणी शिवले, किंवा शिवल्याचा नुसता संशय आला, तरी घागर रिकामी होई आणि पुन्हा स्नान घडे. मात्र त्या आडापासून दहा हातांवर आमचा गोठा होता, आणि पावसाळ्यात गोठ्यातले पाणी कोठे मुरते हा प्रश्न त्या शास्त्रात कधी उपस्थित झाला नाही. दर श्रावणात घरातील एखाद्या तरी मुलाला हगवण लागे. ती दृष्ट लागल्यामुळे लागे, असे आम्ही सर्वजण समजत होतो.

पुतणी नांदेडच्या महाविद्यालयात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. रोज बसने जाते-येते. तिने सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा घरात कोणालाच तो नीट उच्चारता येत नव्हता. तिचे प्राथमिक पुस्तक माझ्या टेबलावर पडू लागले आणि जन्मभर मराठीचे व्याकरण शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाने, केवळ दुपार जात नाही म्हणून, ते चाळावयास घेतले. आता मी ते दोनदा वाचले आहे. रासायनिक सूत्रे सोडली तर ते पुस्तक मला नीतिशास्त्राचे वाटले. ज्याने ते लिहिले त्याच्या मनात तसे काही नसणार, हे उघड आहे.

त्यांच्या वर्गात एक प्रयोग झाला. प्रत्येक विद्यार्थ्याने एका काचेच्या बशीतील थिजलेल्या खाद्यावर आपले बोट टेकविले. एकदा न धुता, एकदा नुसत्या पाण्याने धुऊन, एकदा साबणाने धुऊन. (हे खाद्य ज्याने थिजवितात ते अगार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रासच. जर्मनीत कॉखच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरीत, ते उन्हाळ्यात वितळून जाई; तेथील एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने, फॅनी हेसे हिने, १८८१ च्या सुमारास आपल्या मुरंब्याच्या अनुभवावरून अगार सुचविले. नांदेडच्या मे महिन्यात जिलेटिनचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. एका गृहिणीच्या या सूचनेवर सारे शास्त्र आजतागायत उभे आहे, तरी पुस्तकात तिला अर्धी ओळ मिळाली आहे.) दोन दिवसांनी त्या बश्यांवर पांढरे, पिवळे, क्वचित नारिंगी ठिपके उगवले. पुतणीने मोबाइलवर त्यांची छायाचित्रे दाखविली आणि म्हणाली, "काका, यातली माझी बशी कोणती, ओळखा."

मी ओळखू शकलो नाही, आणि तिलाही खालची चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता आले नाही. वर्गात चाळीस मुले. देशमुखांचा मुलगा होता, बौद्धवाड्यातील मुलगी होती, मशिदीमागच्या मोहल्ल्यातील दोघी बहिणी होत्या. कोणी साबण नीट लावला होता, कोणी लावला नव्हता, एवढेच त्या बश्या सांगत होत्या. ज्या बोटांच्या भेदावर आमच्या गावाची रचना शेकडो वर्षे उभी राहिली, पाणवठे वेगळे झाले, स्मशाने वेगळी झाली, त्या भेदाचा एक ठिपकाही कोणत्याच बशीत उगवला नाही.

हे वाचून मला महाडची आठवण झाली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर तळे बाटले म्हणून गावातील सनातन्यांनी त्याची शुद्धी केली. ती कशाने? पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतून. पंचगव्य म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. माणसाच्या ओंजळीने अशुद्ध झालेले पिण्याचे पाणी शेणाने शुद्ध करण्यात आले! यावर हसू येते, पण हसण्यासारखे त्यात काही नाही. अज्ञान म्हणून हे सोडून देता येत नाही. कारण त्या मंडळींना रोगाची चिंता नव्हतीच. शुद्धी हा शब्द त्यांनी आरोग्यासाठी वापरलेला नव्हता, तो वरचढपणासाठी वापरलेला होता. तळ्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयातून १९३७ साली निकालात निघाला. तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

तथापि आजीची बाजूही मांडली पाहिजे. ती शिळे खाऊ देत नसे, दूध तापविल्यावाचून पिऊ देत नसे, आणि पाणी रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवी. तांब्याच्या संपर्कात बरेच जंतू काही तासांत मरतात, हे पुतणीच्या पुस्तकात आहे. म्हणजे आजीच्या आचारात आरोग्य होते, आणि अन्यायही होता, आणि दोन्ही एकाच घागरीत भरलेले होते. ते वेगळे करण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते, आमच्याजवळ आहे. ज्यांना अजूनही 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणावयाची हौस आहे, त्यांना मी गोठ्याची आणि आडाची गोष्ट सांगतो.

परंतु सोवळे ही केवळ आपलीच मिरास आहे, असे समजणेही बरोबर नव्हे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक होत्या, आणि शहरातील गरीब स्त्रिया त्या विभागात जावे लागू नये म्हणून रडत विनवण्या करीत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण हंगेरियन डॉक्टरने कारण शोधून काढले: ही मंडळी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत होती. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा मरत होत्या. जूनमध्ये दोनांच्या आसपास. एवढ्यावर सर्वांनी त्याला डोक्यावर घ्यावयास हवे होते. पण अनेक थोर वैद्यांना राग आला. सभ्य, सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसाचे हात घाणेरडे असतात, असे कोणी म्हणावयाचे? प्रतिष्ठेने हात स्वच्छ होतात ही व्हिएन्नाची समजूत आणि जन्माने होतात ही आमची, तत्त्व एकच. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून, रक्त दूषित होऊन मेला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १८४७ पूर्वी ज्या डॉक्टरांच्या हातून त्या स्त्रिया मेल्या, ते दोषी होते काय? मला वाटते, नव्हते. अपार दुःख करण्यासारखी ती गोष्ट होती, पण दोष देण्यासारखी नव्हे. आणि १८४७ नंतर, आकडे डोळ्यांसमोर असताना, ज्यांनी केवळ मानापायी हात धुतले नाहीत, ते? ते दोषी होते. हात तेच, स्पर्श तोच, जंतूही तेच. मध्ये एक ज्ञान आले आणि अपघाताचा अपराध झाला. ज्ञान माणसाला मुक्त करते असे आपण ऐकत आलो. पुतणीच्या या पुस्तकातील ज्ञान मात्र एक-एक पान उलटताना माझ्या अंगावर नवे-नवे कर्ज चढवीत गेले. काल मी रस्त्यावर थुंकलो असतो तर गलिच्छ ठरलो असतो. क्षयाचे प्रकरण वाचल्यावर थुंकलो तर त्याहून अधिक काही ठरेन.

येथपर्यंत हिशेब सोपा आहे. तो बिघडतो मेरी मॅलनपाशी. ही न्यूयॉर्कमधील आयरिश स्वयंपाकीण. तिला स्वतःला विषमज्वराची काहीच लक्षणे नव्हती, पण तिच्या शरीरात त्याचे जंतू वस्तीला होते, आणि ती ज्या-ज्या घरी स्वयंपाकाला राही तेथे लोक आजारी पडत. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर ठेवले. आपण धडधाकट असता आपल्यामुळे लोक मरतात, यावर तिचा विश्वास बसेना. तुमचा-माझा तरी बसला असता का? पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० साली सोडले. तिने धुणी धुण्याचे काम धरले, त्यात पैसे कमी. पुढे नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, आणि १९१५ साली एका प्रसूतिरुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच होती.

तिला सांगितले होते. म्हणजे ज्ञान होते. म्हणजे वरच्या न्यायाने ती दोषी. पण मन मानत नाही. अशा प्रकारचे निरोगी वाहक त्या शहरात आणखीही पुष्कळ सापडले होते, त्यांना जन्मभराची कैद झाली नाही. ती एकटी होती, परकी होती, गरीब होती, आणि तिला येणारे एकच काम तिच्यापासून काढून घेताना त्याच्या जागी पोटापुरते दुसरे काही द्यावे, हे कोणाला कर्तव्य वाटले नाही. ज्ञानाने कर्ज चढते हे खरे असेल तर ज्या समाजाला ते ज्ञान झाले त्याच्यावरही चढते. साऱ्या समाजाचे कर्ज एका स्वयंपाकिणीने फेडावे, हा कोणता न्याय? आपल्याकडे महारोग्यांना कोंडून ठेवणारा १८९८ चा कायदा पुस्तकातून रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले. त्या रोगावर गुणकारी औषधे त्याच्या कितीतरी आधी निघाली होती. जंतू मेला तरी कायदा जिवंत राहू शकतो.

आणि हे ज्ञान आले कोठून, हेही पाहिले पाहिजे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा ओडेसाहून आलेल्या वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे मोठेच. पण पुढची परीक्षा भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे नमूद आहे. तुरुंगाच्या भिंतीआड, बाहेर प्लेग आणि आत पहारा असताना, स्वेच्छा किती स्वेच्छा असते? त्याच वर्षी २० ऑगस्टला, आमच्या तेव्हाच्या निजामी मुलखातच, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. त्या डासांनी ज्या रुग्णाचे रक्त प्याले होते त्याचे नाव हुसेन खान. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन रकमांची तुलना मी करू इच्छित नाही. रॉसची बुद्धी आणि चिकाटी अस्सल होती. परंतु पुस्तकात रॉसचे चित्र आहे, आणि मराठवाड्यात हिवतापाने फणफणलेल्या लाखो माणसांसारखाच एक माणूस त्या खोलीत मच्छरदाणीत हात-पाय उघडे टाकून पडला होता, याचा उल्लेख नाही. मी पेन्सिलीने समासात 'हुसेन खान' असे लिहून ठेवले आहे. पुतणीने विचारले, "परीक्षेत येईल का हे?" मी म्हटले, "येणार नाही."

हाफकिनचेही पुढे बरे झाले नाही. १९०२ साली पंजाबात मलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. ठपका त्याच्या प्रयोगशाळेवर आला. तो निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडावे लागले. त्याच्या बाजूने भांडणाऱ्यांत रॉसही होता. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. एक चिमटा खाली पडतो, आणि १९ माणसे! परळच्या संस्थेला १९२५ साली त्याचे नाव देण्यात आले.

पण सर्वांत अवघड गोष्ट अंतराची आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुंढव्याहून एका आजारी अस्पृश्य मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांना लागण झाली, आणि १० मार्च रोजी त्या वारल्या. शास्त्र म्हणते, शिवू नका. त्यांनी शिवले. त्यांना धोका कळत नव्हता असे कोणी समजू नये. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता आणि साथीपायीच तो दवाखाना काढला होता. मग त्यांनी चूक केली का? 'हो' म्हणावयास माझी जीभ वळत नाही, आणि 'नाही' म्हटले तर मग मी २०२१ च्या एप्रिलमध्ये जे केले त्याचे काय, हा प्रश्न उरतो.

त्या महिन्यात माझा पन्नास वर्षांचा मित्र नांदेडला कोरोनाने गेला. मी पन्नास फुटांवर उभा होतो. पांढऱ्या झग्यातील चौघांनी त्याला उतरविले, सरणावर ठेवले. त्यांतील एकाला मी ओळखत होतो. त्याच्या आजोबांची सावली पडली म्हणून माझ्या आजीने घागर ओतून दिलेली मी पाहिली आहे. त्या माणसाने माझ्या मित्राला खांदा दिला, आणि मी दूर उभा राहिलो. नियमाप्रमाणे मी योग्य तेच केले, आज प्रसंग आला तर पुन्हा तसेच करीन. तरी ते अंतर आणि आजीचे अंतर यांत फरक कोणता, हे स्वतःला समजाविण्यात माझा बराच काळ गेला.

मला जो फरक सापडला तो असा. सोवळ्यात अंतर पाळणारा स्वतःला शुद्ध समजतो आणि समोरच्याला मलीन. साथीत अंतर पाळणाऱ्याने प्रथम स्वतःवर संशय घ्यावयाचा असतो: कदाचित माझ्याच श्वासात ते असेल. तोंडावरची पट्टी मी मुख्यतः दुसऱ्यासाठी बांधतो. हे जोवर लक्षात असते तोवर अंतरही आपुलकीचे असू शकते. लक्षातून गेले की तेच अंतर पुन्हा आजीच्या दांडीवर जाऊन बसते. २०२० साली पुण्या-मुंबईहून पायी परतणाऱ्या आपल्याच लेकरांना अडविण्यासाठी अनेक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, तेव्हा त्या काट्यांत भीती किती होती आणि जुनी सवय किती, हे ज्याने-त्याने ठरवावे.

या सगळ्या प्रकरणात एक गमतीचीही गोष्ट आहे. माझ्या शरीरात माझ्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी, असा २०१६ सालचा अंदाज आहे. बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात, आणि सगळ्यांचे मिळून वजन पाव किलोसुद्धा भरत नाही. आईच्या दुधात एक प्रकारची साखर असते जी बाळाला पचतच नाही. ती बाळाच्या पोटातील जीवाणूंसाठी असते. म्हणजे आई पहिल्या दिवसापासून एका बाळाला नव्हे, एका वसाहतीला पाजीत असते. 'मी' म्हणजे कोण, यावर आपल्या तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले; मतमोजणी झाली तर 'मी' माझ्याच देहात अल्पमतात आहे, हे त्यांपैकी कोणाला सुचले नव्हते. आमच्या शिवारातील शेतकऱ्याला मात्र याचे आश्चर्य वाटत नाही. सोयाबीनच्या बियाण्याला तो रायझोबियमची पुडी चोळतो, आणि बाटलीत निर्जंतुक वाढलेले केळीचे 'टिश्यूचे' रोप आणून जंतूंनी भरलेल्या काळ्या मातीतच लावतो. सगळेच जंतू मारले तर काही पिकणार नाही, हे त्याला सांगावे लागत नाही.

परंतु मारावेच लागतात असेही आहेत, आणि त्यांच्यासाठी प्रतिजैविके आहेत. पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५५ साली सुरू झाला, तेव्हा ते औषध अमृतासारखे वाटत असे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४५ साली, अलेक्झांडर फ्लेमिंगने नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो थोडेसे पेनिसिलिन घेतो, जंतू मरतील इतके नव्हे, औषधाला सरावतील इतके. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही, ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? नवरा, असे फ्लेमिंगचे उत्तर होते. औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. म्हणजे ती कल्पित गोष्ट आता कल्पित राहिलेली नाही.

मला ते उत्तर बरोबर वाटत होते. मागच्या पावसाळ्यात गावातील एका औषधाच्या दुकानात मी रक्तदाबाच्या गोळ्या घेत उभा होतो. केळीचे घड वाहणारा एक मजूर आला. पाय सुजून लाल झालेला, पोटरीला फडके बांधलेले. डॉक्टरांची चिठ्ठी पाच दिवसांच्या पंधरा गोळ्यांची होती. त्याने किंमत विचारली, खिशात पाहिले आणि म्हणाला, "चारच द्या." दुकानदाराने कात्री घेऊन पाकिटातून चार गोळ्या कापल्या, नाव आणि तारीख उरलेल्या तुकड्यावर राहिली. हात त्याचाही सराईत होता.

फ्लेमिंगच्या गृहस्थाजवळ औषध पुरेसे होते. मी पुढे झालो, उरलेल्या अकरा गोळ्यांचे पैसे दिले, आणि त्या मजुराला समजावून सांगितले की पायाला बरे वाटले तरी पाचही दिवस पुऱ्या घ्यावयाच्या, मध्ये थांबावयाचे नाही. त्याने सगळे नीट ऐकून घेतले, हात जोडले, गोळ्या धोतराच्या सोग्यात बांधल्या.

"लई उपकार झाले, काका," तो म्हणाला. "दोन दिवसांत ठणका थांबला तं बाकीच्या ठिवतो. धाकट्या लेकरालाबी सारखा ताप येतो."

मी पुन्हा सांगू लागलो, पण त्याचा ऑटो सुटत होता, आणि तो त्या सुजलेल्या पायानेच पळाला.